आयर्लंडमध्ये नवीन आलात? ते सक्तीचे १२ ड्रायव्हिंग लेसन आणि मधली प्रॅक्टिस कशी उरकायची (म्हणजे खरं तर न उरकता कशी करायची)

डब्लिन, कॉर्क, गॉलवे, कुठेही नोकरीला आलेला मराठी माणूस पहिल्या दोन-तीन महिन्यांत हमखास विचारतो, की माझ्याकडे पुण्याचं लायसन्स आहे, दहा वर्षं गाडी चालवतोय, इथे बदलून नाही का मिळत? नाही मिळत. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांशी आयर्लंडचा लायसन्स बदलून देण्याचा करार आहे, भारताशी नाही. व्हिजिटर म्हणून आलेल्याला आपल्या लायसन्सवर १२ महिन्यांपर्यंत गाडी चालवता येते, पण ती सोय पाहुण्यांची, तुम्ही पीपीएस नंबर (इथला सरकारी ओळख नंबर) काढून, घर भाड्याने घेऊन राहायला आलायत, तेव्हा थिअरी टेस्टपासून सगळं पहिल्यापासून करायचं हे धरूनच चला आणि लवकर सुरू करा कारण यात महिने जातात.

क्रम साधारण असा आहे: थिअरी टेस्ट, मग लर्नर परमिट, मग ईडीटी म्हणजे ते सक्तीचे लेसन, त्यांच्यासोबत प्रॅक्टिस, मग ड्रायव्हिंग टेस्ट. पहिल्या दोन पायऱ्या कागदांच्या आहेत, त्या पटकन सांगतो, खरी गंमत पुढे आहे.

थिअरी टेस्ट आणि परमिट

थिअरीला ४० प्रश्न, ४५ मिनिटं, ३५ बरोबर आले की पास. सेंटरवर जाऊन देता येते किंवा घरून ऑनलाइन. अवघड नाहीये पण "मला सगळं माहितीये" म्हणून न वाचता जाऊ नका, कारण प्रश्न इथल्या पाट्यांचे, इथल्या अंतरांचे आणि दारूच्या लिमिटचे असतात. आपल्याला सोपं एवढंच की इथेही डाव्या बाजूने चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडे असतं. पास झालात की ते सर्टिफिकेट २ वर्षं चालतं, त्याच्या आत परमिट काढायचं.

परमिट एनडीएलएसकडून, म्हणजे लायसन्स देणाऱ्या इथल्या सरकारी सेवेकडून मिळतं. पब्लिक सर्व्हिसेस कार्ड आणि व्हेरिफाइड मायगव्हआयडी (सरकारी कामांचं ऑनलाइन खातं) असेल तर घरबसल्या अर्ज होतो, नसेल तर अपॉइंटमेंट घेऊन सेंटरवर जायचं. सोबत डोळे तपासल्याचा रिपोर्ट लागतो, डॉक्टर किंवा ऑप्टिशियनची सही असलेला, आणि तो एका महिन्याच्या आतला पाहिजे, म्हणून तो सगळ्यात शेवटी करा, आधी करून ठेवला आणि बाकी कागद जमवण्यात वेळ गेला की परत पैसे. कारसाठी परमिट १७ व्या वर्षापासून मिळतं आणि २ वर्षं चालतं.

परमिटवरच्या तारखेपासून ६ महिने झाल्याशिवाय पहिल्यांदा परमिट काढलेल्या माणसाला टेस्ट देता येत नाही. हे सहा महिने म्हणजे प्रॅक्टिससाठी दिलेला वेळ आहे, पण बरेच जण पाच महिने काहीच करत नाहीत आणि सहाव्या महिन्यात इन्स्ट्रक्टरला फोन लावून "आठवड्यात चार लेसन बसवता का" विचारतात.

१२ की ६?

४ एप्रिल २०११ पासून ज्यांचं पहिलं कारचं परमिट निघालं त्या सगळ्यांना ईडीटीचे एकेक तासाचे १२ लेसन कंपल्सरी आहेत. आता आपल्या लोकांना फार कमी वेळा कुणी सांगतं ती गोष्ट: ज्या देशाचं लायसन्स इथे बदलून मिळत नाही, अशा देशाचं पक्कं लायसन्स तुमच्याकडे असेल तर कमी लेसनच्या ईडीटीसाठी अर्ज करता येतो, म्हणजे १२ ऐवजी ६. ६ महिने थांबायच्या अटीतूनही सूट मागता येते. दोन्हीसाठी आरएसएला, म्हणजे इथल्या रस्ता सुरक्षा खात्याला, तुमचं भारतातलं लायसन्स खरं आहे आणि चालू आहे याचा पुरावा द्यावा लागतो, नुसता कार्डाचा फोटो नाही, तर ज्यांनी लायसन्स दिलं त्यांचं पत्र. आपल्याकडे म्हणजे आरटीओ. सारथी पोर्टलवर लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट काढायची सोय आहे, तिथून सुरुवात करा, पण आरएसएला नेमका कसा कागद चालेल ते आधी त्यांना ईमेलवर विचारून घ्या आणि मगच गावाकडे वडिलांना आरटीओच्या खेपा घालायला लावा. भारतातून येण्याआधीच कुणी हे वाचत असेल तर हे काम करूनच विमानात बसा, इथून करणं म्हणजे डोक्याला ताप.

माझं मत विचाराल तर सूट मिळाली तरी सहाच लेसन घेऊन थांबू नका. का ते खाली सवयींबद्दल लिहिलंय तिथे कळेल.

इन्स्ट्रक्टर

ईडीटी फक्त एडीआयकडूनच, म्हणजे आरएसएने मान्यता दिलेल्या इन्स्ट्रक्टरकडूनच होते. आरएसएच्या वेबसाइटवर काउंटीप्रमाणे यादी आहे. मित्राने दहा वेळा शेजारी बसून शिकवलं तरी तो लेसन मोजला जात नाही. एका लेसनला साधारण ५० युरोच्या आसपास धरा, डब्लिनमध्ये थोडं जास्त, पॅकेज घेतलं तर थोडं कमी. गाडी तुमची चालते किंवा त्यांची, पहिले काही लेसन त्यांच्या गाडीवर घ्या कारण तिला त्यांच्या बाजूलाही ब्रेक असतो.

फोनवर दोन गोष्टी विचारा. एक, लेसन झाल्यावर लॉगबुकमध्ये लिहून देता का आणि ऑनलाइन नोंद कधी करता. प्रत्येक लेसनची नोंद एडीआयने आरएसएच्या सिस्टीममध्ये करायची असते, ती राहिली तर कागदोपत्री तुमचे लेसन पूर्ण होत नाहीत, आणि टेस्टच्या वेळी ते कळतं तेव्हा इन्स्ट्रक्टर फोन उचलत नसतो. दोन, तुम्ही ज्या सेंटरला टेस्ट देणार त्या भागात शिकवता का. बाकी ओळखीच्या ग्रुपवर "याच्याकडे जा, पटापट संपवतो" अशी शिफारस असेल तर त्याच्याकडे जाऊच नका. बारा लेसन दोन-तीन आठवड्यांत उरकणारे आहेत, पाट्या टाकतात आणि पैसे घेतात. इन्स्ट्रक्टर मध्येच बदलता येतो, नोंदी तुमच्या नावावर असतात त्यामुळे आधीचे लेसन वाया जात नाहीत, पटत नसेल तर ओढत बसू नका.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक हेही आधीच ठरवा. टेस्ट ऑटोमॅटिकवर दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. पुढे गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची असेल तर काय बिघडलं, पण सुट्टीत भाड्याने गाडी घेताना अडू शकतं.

लेसनमध्ये असतं काय

पहिला लेसन गाडीची ओळख आणि सेफ्टी चेक, त्यानंतर रस्त्यावर कुठून चालवायचं, वळायचं कसं, वेग कसा वाढवायचा-कमी करायचा, मग तेच सगळं जास्त गुंतागुंतीच्या ठिकाणी, समोर काय होणार याचा आधी अंदाज घेणं, सायकलवाले-चालणारे-बस यांच्यासोबत रस्ता वाटून घेणं, ट्रॅफिक, अवघड वळणं, स्पीड, शांत डोक्याने चालवणं, आणि बारावा रात्रीचा. हो, शांत डोक्याने चालवणं हा अख्खा एक लेसन आहे, अकरावा, आपल्याकडे हा सक्तीचा केला तर बरं होईल.

या लेसनना पास-नापास नसतं. इन्स्ट्रक्टर शेवटी काय जमतंय, काय नाही ते लिहून देतो, पुढच्या वेळेपर्यंत कशाची प्रॅक्टिस करायची तेही. हा कागद वाचायचा असतो, पण लोक सही-शिक्का बघतात आणि पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात जातं.

रात्रीच्या लेसनची एक गंमत लक्षात ठेवा. जूनमध्ये डब्लिनला सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमाराला, त्यामुळे उन्हाळ्यात अंधाराचा लेसन द्यायला इन्स्ट्रक्टर सहसा तयार नसतात, आणि डिसेंबरमध्ये दुपारी साडेचारला अंधार पडलेला असतो. शेवटचा लेसन मे ते जुलैमध्ये येणार असेल तर आधीच बोलून घ्या.

स्पॉन्सर आणि मधली प्रॅक्टिस

बारा तासात गाडी येत नाही. ईडीटीची रचनाच तशी आहे, की इन्स्ट्रक्टर दिशा दाखवणार आणि हात बसणार तो तुमच्या प्रॅक्टिसमध्ये. आरएसएचा सल्ला असा की दोन लेसनच्या मध्ये साधारण दोन आठवडे ठेवा आणि त्या काळात किमान तीन तास चालवा. बारा लेसन असे घेतले तर जवळपास ते सहा महिने होतातच, म्हणजे बघा, सगळं एकात एक बसवलेलं आहे.

प्रॅक्टिसला शेजारी कोण बसणार हाच खरा प्रश्न. लर्नरने एकट्याने गाडी चालवायचीच नाही. शेजारच्या माणसाकडे त्या प्रकारच्या गाडीचं पक्कं लायसन्स किमान २ वर्षांपासून पाहिजे. ईडीटीच्या भाषेत तुमच्यासोबत प्रॅक्टिसला बसणारा तो स्पॉन्सर. आता अडचण अशी की नवीन आलेल्याच्या ओळखीतले सगळेच नवीन, मागच्या वर्षी टेस्ट पास झालेला रूममेट चालत नाही, त्याच्या गाडीवर एन प्लेट (पास झाल्यावर पहिली २ वर्षं लावायची पाटी) आहे तोवर तो कुणाचा स्पॉन्सर होऊ शकत नाही. नवरा-बायको दोघं लर्नर असतील तर एकमेकांच्या शेजारी बसून काही उपयोग नाही. ऑफिसमधला जुना आयरिश सहकारी, महाराष्ट्र मंडळातलं एखादं जुनं कुटुंब, घराच्या जवळ राहणारं कुणी, असं शोधा आणि स्पष्ट विचारा, इथे हे विचारण्यात कुणाला काही वाटत नाही, त्यांनीही कधीतरी कुणाला तरी विचारलेलं असतं. दादा-वहिनी म्हणावं असं एखादं जोडपं भेटलं तर रविवारी सकाळी तासभर मागून घ्या आणि नंतर पोहे खायला घाला. कुणीच नाही मिळालं तर इन्स्ट्रक्टरचेच जादा तास घ्यायचे, खर्च होतो पण एकट्याने गाडी काढण्यापेक्षा स्वस्त.

एकट्याने काढणं का नको ते सांगतो. २०१५ च्या डिसेंबरमध्ये कॉर्क काउंटीत एका लर्नरने, शेजारी कुणी नसताना चालवलेल्या गाडीच्या अपघातात जेराल्डीन क्लॅन्सी आणि त्यांची मुलगी लुईस या दोघी गेल्या. जेराल्डीन यांचे पती नोएल क्लॅन्सी यांनी कायदा बदलावा म्हणून पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०१८ पासून नियम कडक झाला, लोक त्याला क्लॅन्सी अमेंडमेंटच म्हणतात. आता लर्नर एकटा सापडला तर गार्डा, म्हणजे इथले पोलीस, गाडी जप्त करू शकतात, आणि गाडी दुसऱ्याची असेल तर जाणूनबुजून दिली म्हणून त्या मालकावरही केस होऊ शकते. म्हणजे मित्राची गाडी मागताना त्याच्याही गळ्यात पडतंय हे लक्षात घ्या. दंड आणि पेनल्टी पॉइंट वेगळे, लर्नरला ७ पॉइंट झाले की परमिट ६ महिने गेलं.

इन्शुरन्सचं आपल्याला पटकन कळत नाही. भारतात इन्शुरन्स गाडीचा असतो, लायसन्सवाला कुणीही चालवतो. इथे सहसा पॉलिसीवर ज्याचं नाव आहे तोच चालवू शकतो. म्हणून मित्राच्या गाडीवर प्रॅक्टिस करायची तर त्याने कंपनीला फोन करून तुमचं नाव नेम्ड ड्रायव्हर म्हणून घालायला हवं, लर्नर आहे हेही सांगून. स्वतःची गाडी घेणार असाल तर गाडी पसंत करायच्या आधी इन्शुरन्सचं कोटेशन काढा, जुनी स्वस्त गाडी आणि तिच्या किमतीएवढा इन्शुरन्स असे प्रकार लर्नरच्या बाबतीत होतात. आणि सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये चालवतोय म्हणून सूट नाही, तिथेही परमिट, इन्शुरन्स, एल प्लेट सगळं लागतं.

एल प्लेट पुढे-मागे दोन्हीकडे, पांढऱ्यावर लाल. मोटरवेवर लर्नरला बंदी आहे, डब्लिनमध्ये म्हणजे एम ५० आणि पोर्ट टनेल आलंच, मॅपमध्ये मोटरवे टाळायचं सेटिंग आधीच चालू करून ठेवा, नाहीतर ती बाई गोड आवाजात तुम्हाला थेट स्लिप रोडवर नेऊन सोडते आणि तिथून मागे फिरता येत नाही. दारूचं लिमिट लर्नरला १०० मिलीलिटर रक्तात २० मिलिग्रॅम आहे, पक्क्या लायसन्सवाल्याला ५०, म्हणजे तुम्ही घेऊच नका.

प्रॅक्टिस कुठे? सुरुवातीला रविवारी सकाळी इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, ट्रक नसतात, रस्ते रुंद, कोपरे भरपूर. रिव्हर्समध्ये डावीकडे कोपरा वळणं टेस्टला असतं आणि आपल्याकडे ते कुणी शिकवतच नाही, ते तिथेच घोटून घ्या. मग घरांच्या वसाहतींमधले रस्ते, मग राउंडअबाउट, मग गावाबाहेरचे अरुंद रस्ते. त्या गावाकडच्या रस्त्यांचं लिमिट फेब्रुवारी २०२५ पासून ८० वरून ६० झालंय, जुने व्हिडिओ बघून ८० धरू नका.

दहा वर्षं गाडी चालवणाऱ्यांसाठी

टेस्टला नापास होतात ते बहुतेक "मला गाडी येते" वाले. बावीस वर्षांची पोरगी, जिने कधी स्टिअरिंगला हात लावला नव्हता, ती पहिल्या फटक्यात पास होते आणि मुंबई-गोवा वीसदा केलेले आपले साहेब नापास, कारण तिला फक्त शिकायचंय, साहेबांना आधी विसरायचंय.

आरसा. आपण आरसा बघतो तो कुणी घुसतंय का म्हणून, इथे प्रत्येक गोष्टीच्या आधी बघायचा, सिग्नल देण्याआधी, वेग कमी करण्याआधी, वळण्याआधी, निघण्याआधी तर मान वळवून खांद्यावरून. आणि बघितलेलं दिसलं पाहिजे, नुसते डोळे फिरवले तर टेस्टरला कसं कळणार.

क्लच. लांबून सिग्नल लाल दिसला की क्लच दाबून गाडी तशीच सोडून द्यायची, उतारावर न्यूट्रल, घाटात पेट्रोल वाचवायचं, हे सगळं इथे चूक धरलं जातं. गिअरमध्ये ठेवून ब्रेकने वेग कमी करायचा, थांबताना शेवटी क्लच. पायाला हे पटायला खूप दिवस लागतात, डोक्याला एका मिनिटात पटतं.

हळू चालवणं म्हणजे सेफ, असं नाही. ५० च्या मोकळ्या रस्त्यावर ३० ने रेंगाळलात तर तेही चुकीत जातं. उलट स्टॉपच्या पाटीवर रस्ता चारी बाजूंनी ओस असला तरी चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रेंगाळत पुढे सरकलात तर गेलं. पिवळा दिवा म्हणजे थांबा, पळवा नव्हे, अगदी रेषेवर आलेले असाल आणि थांबणंच धोक्याचं असेल तरच पुढे.

लाइट फ्लॅश. आपल्याकडे समोरच्याने अप्पर मारला म्हणजे "मी येतोय, बाजूला हो", इथे बहुतेक वेळा त्याचा अर्थ "तू जा", पण टेस्टमध्ये दुसऱ्याच्या फ्लॅशवर विसंबून जाऊ नका, स्वतः बघून ठरवा. हॉर्न जवळपास विसरूनच जा. वस्तीत रात्री साडेअकरा ते सकाळी सात हॉर्न वाजवायला मनाईच आहे.

राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. एक राउंडअबाउट नीट डोळ्यासमोर आणा: तुम्हाला सरळ जायचंय, म्हणजे दुसरा एक्झिट. येताना आरसे बघायचे, पाट्या वेगळं सांगत नसतील तर डावी लेन, इंडिकेटर काही नाही, दुसऱ्या गिअरमध्ये येऊन उजवीकडे बघायचं, मोकळं असेल तर उगाच न थांबता आत शिरायचं, पहिला एक्झिट मागे पडला की डावा आरसा, डावा इंडिकेटर, बाहेर. आपली माणसं दोन ठिकाणी अडकतात, एक तर सरळ जाताना उजवा इंडिकेटर लावून ठेवतात, नाहीतर बाहेर पडताना डावा लावतच नाहीत. शेजारी स्पॉन्सर बसवून एकच राउंडअबाउट वेगवेगळ्या एक्झिटने पुन्हा पुन्हा मारा, लोक बघतात, बघू द्या.

सायकलवाल्याला ओव्हरटेक करताना ५० पर्यंतच्या रस्त्यावर किमान १ मीटर, त्यावर दीड मीटर जागा सोडायची. आणि डावीकडे वळताना डाव्या बाजूने सायकल येतेय का हे दर वेळी.

टेस्टचा दिवस

कारच्या टेस्टची फी ८५ युरो. तारीख मिळायला किती वेळ लागतो ते सेंटरवर अवलंबून आहे, साइटवर बघत राहा. त्या दिवशी परमिट न्या, गाडीवर एल प्लेट, इन्शुरन्स, टॅक्स आणि लागू असेल तर एनसीटी (गाडीची सक्तीची तपासणी) चालू तारखेचे पाहिजेत, ब्रेक लाइट चालला पाहिजे. यातलं काही नसेल तर टेस्ट होतच नाही, फी मात्र जाते. बरेच जण इन्स्ट्रक्टरची गाडी भाड्याने घेतात, सोपं पडतं.

आधी आत बसून नियमांचे आणि पाट्यांचे प्रश्न, हाताने सिग्नल करून दाखवायचे, मग बॉनेट उघडून इंजिन ऑइल, कूलंट वगैरे कुठे आणि कसं बघायचं. मग रस्ता, ज्यात रिव्हर्स, टर्नअबाउट म्हणजे रस्त्यातच पुढे-मागे करून गाडी फिरवणं, चढावर गाडी उचलणं. चुका तीन ग्रेडच्या. पहिल्या ग्रेडच्या मोजल्या जात नाहीत. दुसऱ्या ग्रेडच्या एकूण ९ झाल्या की नापास, आणि एकाच गोष्टीत ४ झाल्या तरी नापास, म्हणजे आरसा चार ठिकाणी चुकला की बाकी सगळं लोण्यासारखं असलं तरी संपलं. तिसऱ्या ग्रेडची म्हणजे धोक्याची एकच पुरते.

नापास झालात तर तो शीट नीट ठेवा आणि इन्स्ट्रक्टरला दाखवा, कुठल्या रकान्यात खुणा जास्त आहेत तिथेच पुढचे दोन तास घाला, पुन्हा बारा लेसन घ्यावे लागत नाहीत.

पास झाल्यावर

सर्टिफिकेट मिळालं म्हणजे लायसन्स मिळालं असं नाही, एनडीएलएसकडे अर्ज करायचा आणि तो २ वर्षांच्या आत करायचा. लायसन्स आलं की एल काढून एन प्लेट लावायची, पुढे-मागे, २ वर्षं. एकट्याने जाता येतं, मोटरवेही मोकळा, पण दारूचं लिमिट तेच २० आणि ७ पॉइंटची मर्यादाही तीच. लगेच इन्शुरन्स कंपनीला फोन करून पक्कं लायसन्स झाल्याचं कळवा, हप्ता कमी होतो का विचारा. आणि एम ५० वर पहिल्यांदा जाताना त्याच इन्स्ट्रक्टरचा एक तास घ्या, कारण मोटरवेच्या वेगाने लेनमध्ये शिरणं या बारा लेसनमध्ये कुठेच प्रत्यक्ष केलेलं नसतं.